बाशिंगाची अंगठी

कायमचं आयर्लंडला परतताना आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला मैत्रीची खूण म्हणून चांदीची अंगठी दिली. दोन हातांत धरलेलं हृदय, वर मुकुट. ती घट्ट होत होती, म्हणून अकोल्याच्या एका सोनाराकडे सैल करायला टाकली. त्यानं तिची चक्क जोडवी केली! सिस्टरची अंगठी मागून कापलेली, शेजारी हुबेहूब दुसरी.

“माझं लग्न कुठे झालंय?” मी कशीबशी म्हणाले.

फुंकणी गालात धरूनच तो म्हणाला, “दोन हात, वर बाशिंग. लगनाचंच हाय ना वो बाई?”

“मैत्रीची आहे ती!”

“मंग तं दोन पायजेच. एकट्यानं दोस्ती होते काय?”

दोन्ही जोडवी उचलून मी तडक निघाले. अजूनही तो आठवला की मी चिडते. दुसरं जोडवं मात्र मी सिस्टरना पाठवलं. ते पायात घालायचं असतं, हे कळवलं नाही.