माळावरच्या दोन बोटी

रेगेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आकुर्डीच्या माळावर, ओणवे होऊन फक्की टाकताना. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट. चिंचवडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी त्याच आठवड्यात रुजू झालो होतो आणि हे गृहस्थ माझे साहेब होते. रजेवरून परतले नव्हते म्हणून मीच भेटायला गेलो. "नवीन ना? ती मेख धर," एवढंच माझं स्वागत झालं.

जमीन तुकारामबुवांची. ते बांधावर बसून बघत होते.

"सायेब, शाळा बांधताय व्हय?"

"नाही बुवा, बोट."

बुवांनी चारी दिशांना मान फिरवली. "आन् पानी कुठं हाय?"

"पाणी मुंबईला. आधी रेघ, मग पाणी," साहेब म्हणाले आणि पुन्हा ओणवे झाले.

हे "आधी रेघ" म्हणजे त्यांचा श्वासच होता. ऑफिसात कुणी घाई केली की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "मेल्या, कागदावर चुकलास तर रबर आहे. समुद्रात कसला रबर?" मूळचे मालवणचे. लढाईच्या काळात आरमारात होते. लग्न होऊन महिना झाला नाही तोच जहाजावर गेले आणि सुमतीवहिनी मालवणला सासू-सासऱ्यांपाशी राहिल्या, लढाई संपेपर्यंत. जाताना धक्क्यावर साहेबांनी सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला तुला घेऊनच." पुढची खेप आलीच नाही. आली ती चिंचवडची नोकरी, जिथे पवनेचं पाणीसुद्धा उन्हाळ्यात घोट्याएवढं.

मी रुजू होण्याच्या थोडं आधी, गोरे साहेब मुंबई बंदरात मागे ठेवून गेलेल्या दोन जुन्या शिडाच्या बोटी विकायला आहेत, असं कळलं. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि रेगेसाहेब मिळून एक घेणार होते. एक बोट लांबट, निमुळती, वाऱ्यावर सुसाट जाणारी. तिचं नाव साहेबांनी "चवळी" ठेवलं. दुसरी रुंद, जड, संथ, पण पोटात चार माणसं झोपतील अशी. ती "मावशी". डॉक्टरांना शर्यती जिंकायच्या होत्या, म्हणून त्यांना चवळी हवी होती. साहेबांना वहिनींना घेऊन मुंबईहून मालवणला जायचं होतं. दोन्ही एकाच बोटीत साधेल का, हे ठरवण्यासाठी त्यांनी मुंबईला जाऊन दोघींची मापं आणली आणि माळावर दोन्ही बोटी खऱ्या आकारात, शेजारी शेजारी आखल्या. जहाज बांधणारे जमिनीवर अशी पूर्ण मापाची आखणी करतात. पण त्या आखणीत बायकोला बसवून चहा करायला कोणी लावत नाही.

साहेबांनी लावला. दर रविवारी वहिनी स्टोव्ह आणि पातेलं घेऊन माळावर यायच्या. चवळी शर्यतीत एका अंगावर कलते, म्हणून साहेबांनी बाजेच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आणि वहिनींना तिच्यावर बसवलं. पहिला चहा बुवांच्या धोतरावर सांडला. मावशीत चहा नीट झाला, पण वहिनींनी वेगळीच अडचण काढली. "अहो, माझे देव कुठे ठेवायचे?" साहेब महिनाभर देवांची जागा शोधत होते. वहिनींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा झाला की सरळ फक्कीची रेघ ओलांडून चालू लागायच्या आणि साहेब ओरडायचे, "सुमती, पाण्यात पडलीस! जिना मागे आहे!" आम्ही हसायचो. वहिनी मागे वळूनही बघायच्या नाहीत.

डॉक्टर वैतागले. "रेगे, बोट घ्यायची आहे, मुलीचं लग्न नाही जमवायचं!" शेवटी त्यांनी एकट्याने चवळी घेऊन टाकली. साहेबांना उलट सुटल्यासारखं झालं. आता मावशी फक्त त्यांची. तरी देवांची जागा ठरेना म्हणून त्यांनी आणखी काही रविवार घालवले. एका सोमवारी ऑफिसात येऊन म्हणाले, "सापडली! शिडाच्या खांबाला लागून कोनाडा." त्याच शनिवारी मला घेऊन ते मुंबईला गेले.

मावशी धक्क्यावर नव्हती. मागच्याच पंधरवड्यात एका भंगारवाल्याने तिच्या बुडाला वजनासाठी लावलेल्या शिशासाठी ती घेतली आणि फोडली होती. सागवानाच्या फळ्या एका बाजूला रचलेल्या होत्या. साहेबांनी एका फळीवर हात ठेवला, खिशातून टेप काढला, तिची जाडी मोजली आणि म्हणाले, "माझं माप बरोबर होतं." मला त्यांचा भयंकर राग आला. मापं बरोबर ठेवण्याच्या नादात माणसाने बोट घालवली होती.

संध्याकाळी घरी वहिनींनी दार उघडलं. "नाही मिळाली," साहेब म्हणाले.

"बरं झालं. माझे देव भिजले असते." वहिनी आत गेल्या आणि आम्हाला पानं वाढली. पुढे साहेबांनी बोटीचं नाव काढलं नाही. फक्त कधी कधी म्हणायचे, "तिला यायचंच नव्हतं रे. मीच उगाच." दुसऱ्या वर्षी हृदयविकाराने ते गेले.

वहिनी मालवणला जायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "भावजी, एकदा माळावर जाऊन येऊ." दोन पावसाळे पडून गेले होते. फक्कीचा कणसुद्धा उरला नव्हता. बुवांनी कडेला हरभरा केला होता आणि मधे नुसतं गवत होतं. मी पुढे होऊन चालायला लागलो.

वहिनींनी माझी बाही धरली.

"इकडून नको. पाण्यात पाय जाईल," त्या म्हणाल्या, आणि गवताला वळसा घालून मला मागच्या बाजूने, जिन्याने, आत घेऊन गेल्या. आत आल्यावर एका जागी थांबून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.