युरियाचं गार पाणी

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात बी.एस्सी. करत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावी आलो, ते डोक्यात रसायनशास्त्रातली मुक्त ऊर्जा घेऊनच. ज्या क्रियेत ती कमी होते, ती क्रिया आपोआप घडते. मग उष्णता बाहेर पडो, नाहीतर आत ओढली जावो. उष्णता आत ओढणारी क्रिया आपली आपण कशी घडेल, हे मला वर्गात बरेच दिवस पटलं नव्हतं. पटलं तेव्हा दुसऱ्यांना पटवायची खाज सुटली.

घरात युरियाचं पोतं होतं. अंगणात बादलीतल्या पाण्यात भरपूर युरिया ढवळला आणि मधोमध पाण्याचा तांब्या ठेवला. विरघळता विरघळता युरियानं पाण्यातली उष्णता ओढली, तांब्यातलं पाणी गार झालं. शेजारच्या वहिनी बघायला आल्या. मी भाषण ठोकलं आणि त्या नादात बादली तिथंच विसरलो.

वहिनींची शेळी ते पाणी प्याली. पोट फुगलं, अंग थरथरलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. वहिनींना दूध येत नव्हतं. त्यांची तान्ही पोर याच शेळीच्या दुधावर होती.

मी लगेच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऊन लागलं आसंल तिला. तुमी नका मनाला लावून घेऊ."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. आईनं आमच्या म्हशीचं दूध द्यायला सुरुवात केली, पण पोरीला ते पचेना. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू आलं की मी ताटावरून उठायचो. पोटात गेलेल्या युरियानं आपलं काम आपोआपच केलं होतं. बादली काही आपोआप अंगणात आली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात पोर तापानं फणफणली. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, ते गार पानी करून देता का? घड्या ठेवायच्या हायत."

मला नका सांगू, म्हणालो.

"मग कुनाला सांगू? गावात बर्फ कुटं हाय?"

मी पुन्हा युरिया ढवळला. तांब्या गार होताच वहिनी तो घेऊन गेल्या. बादलीत ठेवायला त्या पुन्हा पुन्हा तो आणून देत होत्या आणि मी दर वेळी आणखी युरिया ढवळत होतो. ताप उतरेपर्यंत मी बादलीजवळून हललो नाही. नंतर ते पाणी लांब नेऊन खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली आणि तिथंच राखण करत बसलो. वहिनींच्या दावणीला आता शेळी नव्हती, तरीही.