वेळेचा रकाना

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्हाला देवाच्या प्रसादातही खडा दिसतो. दिसतो, कारण असतो! रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी पदवीच्या मुलांना किनारी पर्यटन शिकवतो आणि शेवटच्या सत्रात त्यांना तीन महिने कुठल्यातरी हॉटेलात कामाला पाठवतो. त्याला म्हणायचं इंटर्नशिप. एका वर्षी एका हॉटेलवाल्याने माझ्या मुलांकडून तीन महिने नुसत्या चादरी धुऊन घेतल्या. त्याच वर्षी एक दिवटा मामाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरत बसला, आणि अख्खी नोंदवही एका बैठकीत लिहून घेऊन आला. मी गाढवासारखी त्यावर सही केली. तेव्हापासून ताकही फुंकून पितो.

गेल्या वर्षी आरे-वारेच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टवर मी दोघांना पाठवलं होतं. एक शहरातला मुलगा, कपड्याला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. दुसरी मुलगी, खारव्याच्या घरातली. बाप बोटीवर, आई बाजारात मासळी विकायला. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. काम सोपं होतं: पाहुण्यांना खाली किनाऱ्यावर न्यायचं, हिंडवायचं, वर आणायचं. तिथला मॅनेजर पुण्याकडचा, तोंडात साखर. मला म्हणाला, "सर, कायमची जागा एकच आहे. तुमचा शेरा ज्याला चांगला, तो आमचा." इतकं गोड कोणी बोललं की मी आधी खिसा चाचपतो.

त्या जागेवर मुलीचा जीव होता. मला स्टाफरूमच्या दारात गाठून तिने सांगितलं होतं, "सर, ही नोकरी लागली तर घरी राहून करता येईल. नाहीतर मुंबईला मावशीकडे. तिथे मॉलमध्ये दिवसभर उभं राहायचं." मी म्हटलं, "बघू." मी सगळ्यांना बघूच म्हणतो.

दोन महिने झाले तशा दोघांच्या नोंदवह्या मागवल्या. मुलाची वही बघून डोळे निवले. वेळेच्या रकान्यात रोज दहा ते बारा, पाहुण्यांसह किनारा. वर्गात मी लावून दिलेलं वेळापत्रक जसंच्या तसं. मुलीची वही उघडली आणि कपाळाला आठी पडली. एका दिवशी सकाळी दहा. दुसऱ्या दिवशी पावणेअकरा. मग साडेअकरा. असं करत करत दुपारचे तीन. आणि मध्येच एकदम सकाळी सात! समासात बारीक अक्षरात अष्टमी, नवमी, दशमी असलं काहीतरी. मी म्हटलं, ही बाई उपासतापास धरून कामावर येते की काय? मॅनेजरला फोन केला, तर तोही म्हणाला, "हो सर, मनाला येईल तेव्हा पाहुण्यांना नेते. शिस्त नाही." झालं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तिला बोलावून एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण चोराला विचारून का चोरी पकडतात?

म्हणून मी एका सकाळी कोणाला न सांगता गेलो. रिसॉर्टवर गेलोच नाही, थेट खाली उतरलो आणि किनाऱ्याच्या टोकाला कातळाआड जाऊन बसलो. चपला काढून शेजारी ठेवल्या. पन्नाशीतला प्राध्यापक खडकामागे लपून विद्यार्थिनीवर पाळत ठेवतोय, हे कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. दहा वाजले. किनारा रिकामा. सव्वादहा. मुलगी नाही, पाहुणे नाहीत. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तिथूनच मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, "मुलीच्या नोंदी खोट्या आहेत. माझा शेरा मुलाला." तो म्हणाला, "उत्तम, सर."

मग कसलातरी विजय मिळवल्यासारखा पाय पसरून बसलो. आम्ही समुद्रापासून आत, पालीकडची माणसं. समुद्र आमच्याकडे रविवारी जाऊन बघायची वस्तू. किती वेळ गेला कळलं नाही. वरून हाक आली, "सर! तितं काय करताव? वर या आदी!" वळून बघतो तर माझ्यामागची वाळू गायब. आलो ती वाट पाण्याखाली, आणि एक चप्पल तरंगत निघालेली. मुलगी वरच्या कातळावरून झरझर उतरली, माझं मनगट धरलं आणि कुठे पाय ठेवायचा ते एकेक दगड दाखवत मला वर काढलं. कमरेपर्यंत भिजलो होतो. वर पोचल्यावर ती चक्क रागावली. "सर, नुकतीच पौर्णिमा झाली, आज तृतीया. उधाणाचं पाणी. भरती चालू असताना कोण खाली बसतं?"

"आणि तुझे पाहुणे?"

"त्यांना सातला नेऊन आणलं, ओहोटीला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते ना, सर. आज तीनची पाऊणपट, सव्वादोनला भरणार, त्याच्या सहा तास आधी ओहोटी. आमच्यात लहान पोरांनाही येतं."

अष्टमी, नवमी, दशमी. रोज पाऊण तास पुढे, आणि दुपारची ओहोटी संध्याकाळवर गेली की परत सकाळची. समोर हिशोब लख्ख दिसत होता आणि मी त्यात उपास शोधत बसलो होतो. आणि दुसरा? रोज दहा ते बारा लिहिणारा? तो निदान त्या दिवशी तरी दहाला किनाऱ्यावर नव्हता. तिथे मी होतो.

तसाच ओला मॅनेजरच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, "सर, तुमचा फोन आल्याबरोबर मी मुंबईला, आमच्या मुख्य ऑफिसात कळवलं. मुलाचं पत्र निघालंसुद्धा. आता फिरवता येत नाही." त्याला मुलगाच हवा होता, असा संशय मला आजही आहे. पण फोन मी केला होता.

सत्र संपल्यावर ती वहीवर सही घ्यायला आली. "सर, माझं काय चुकलं?" मी दोन दिवस उत्तरं जुळवत होतो. ती सोडून सगळं खरं सांगून टाकलं. कातळ, फोन, सगळं.

"मला विचारलं का नाही, सर?"

"तूच सांगायचं होतंस ना."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही किनारा शिकवता."

तिने वही माझ्यापुढे सरकवली. "मग आता हे लिहून द्या. यातच." मी शेऱ्याच्या जागी लिहिलं: या विद्यार्थिनीच्या सर्व वेळा बरोबर होत्या, चूक तपासणाऱ्याची. तिने वाचलं आणि वही परत दिली. "विद्यार्थिनी नको. नाव घाला. आणि तपासणारा कोण, तेही." मी दोन्ही नावं घातली. अक्षर वाकडं आलं.

तिने वही पिशवीत ठेवली. म्हणाली, "येते सर. मावशीकडे चाललेय, दुपारची गाडी आहे."

"वेळेवर पोच हो," मी सवयीने बोलून गेलो. ती दारात थांबली, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गेली.