सतरा नंबर मरत नव्हता

भूतबाधा, करणी, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही "सगळं थोतांड" म्हणायला जीभ वळवळते... पण मग ती दुपार आठवते. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुका होतील, पण पदरचा एक शब्द घातलेला नाही.

चाकण एमआयडीसीत पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढणारी कंपनी. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं कामाला आहेत. तीस वर्षं मी प्रेसवर काढली. गुडघे गेले तेव्हा साहेबांनी सर्व्हर रूमला बसवलं. सगळे हसले – "चौथी पास सर्व्हर सांभाळणार व्हय!" महिन्याभरात सगळ्यांची तोंडं बंद केली.

काम असं – स्क्रीनवर बावीस नंबर. एकेक नंबर म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक तुकडा. कुणाकडं गेट, कुणाकडं स्टोअर. सकाळी मी त्यांना उठवायचो, हिरवे व्हायचे. काम नसलं की आपोआप पिवळे, म्हणजे झोपले. कुणी हाक मारली की परत हिरवे. आणि ज्याचं काम कायमचं संपलं त्याला "बंद" दाबून मारायचं. तो लाल. लाल झालेला आपणहून उठत नाही, मी उठवल्याशिवाय नाहीच.

सतरा नंबर म्हणजे प्रेसचा राखणदार. फिटर साच्यात शिरण्याआधी प्रेसजवळच्या मशीनला आपलं कार्ड लावायचा, की सतरा जागा होऊन प्रेस अडवून धरायचा. फिटरनं बाहेर येऊन तेच कार्ड परत लावेपर्यंत कुणाच्या बापाला ती प्रेस चालू करता येत नव्हती.

नवीन सिस्टीम येणार म्हणून त्या सकाळी सगळ्या कार्ड मशीन वायरी कापून काढून नेल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर पुण्याच्या ऑफिसातून स्नेहल मॅडमचा फोन. सॉफ्टवेअरची इंजिनिअर, माझ्या पोरीच्या वयाची.

"काका, सतरा नंबर झोपला असेल. त्याला कायमचा बंद करा. आता त्याला हाक मारणारं कुणी राहिलं नाही."

बघतो तर सतरा हिरवा.

"मॅडम, हा तर जागा हाय."

"अडकला असेल. मारा."

दाबलं. लाल झाला. मिनिटभरानं – हिरवा. म्हटलं, चष्म्याचा दोष. परत दाबलं. लाल... आणि परत हिरवा.

"काका, चुकून दोनदा दाबताय का?"

"म्हातारा झालोय, आंधळा न्हाई!"

तिसऱ्यांदा दाबलं आणि पापणी न हलवता बघत बसलो. खोलीत दुसरं कुणी नाही, दाराला आतून कडी. एसी चालू असून पाठीवरून घाम ओघळत होता. डोळ्यांदेखत लालाचा हिरवा झाला.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. चार नंबर प्रेसचा ऑपरेटर, लातूरचा बालाजी.

"काका, काय मांडलंय तुमच्या सर्व्हरनं? जेवून आलो तर प्रेस चालूच होईना. बटण दाबून दाबून अंगठा गेला माझा!"

"थांब, मारतोच त्याला आता."

बोट बटणावर टेकलं होतं. फोनवर मॅडम म्हणाली, "थांबा काका! त्याला कोण उठवतंय ते दिसलं. चार नंबर प्रेसची कार्ड मशीन."

"ती सकाळीच टेम्पोत टाकली, माझ्यासमोर."

"आणि कार्ड..." मग ती बारीक आवाजात – "काका, तुमच्या कार्डाचा नंबर दोनशे बारा ना? तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"हितंच की. सर्व्हर रूमात."

"सिस्टीम म्हणते, तुम्ही प्रेसच्या आत आहात."

खिसा चाचपला. कार्ड खिशातच. खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा जास्त आला तो राग. माझा नंबर? कोण हरामखोर माझ्या नंबरावर खेळतोय? फोन तसाच टाकला आणि पाय फरफटत प्रेसच्या शेडमध्ये गेलो.

बालाजी बटणापाशीच उभा. "सोडली का प्रेस, काका?"

"हो बाजूला!"

मागच्या बाजूनं वाकून आत बघितलं. साच्यात दोन बूट.

बबन फिटर होता. उताणा पडून बोल्ट काढत होता, कानात बोळे. कार्ड मशीन नाही तर राहू दे, पाच मिनिटांचं काम हाय, असं सुपरवायझर त्याला म्हणाला होता. पुढून तो दिसतच नव्हता. पाय धरून ओढला. "अवो काका, झालंच की!" म्हणत बाहेर आला. मग बालाजीकडं बघितलं, बटणाकडं बघितलं आणि कानातले बोळे काढून फेकले. बालाजी तिकडं कोपऱ्यात ओकत होता.

परत आलो तर सतरा लाल. मी हात लावला नव्हता. फोन चालूच होता, मॅडम रडवेली झालेली. "काका, आत्ताच कार्ड परत लागलं. तुमचंच. मग तो आपणहून बंद झाला." त्यानंतर तो कधी उठला नाही.

दोन दिवस इंजिनिअर लोकांनी सगळं उलथंपालथं केलं. कार्ड मशीन भंगारात सापडली, वायरी तुटलेल्याच.

एक गोष्ट मात्र झोपू देत नाही. तिथं बबनचा नंबर दिसला असता, तर "कार्ड लावून विसरला गाढव" म्हणून मी चौथ्यांदा दाबलं असतं. नक्की दाबलं असतं. मी माझ्या नंबरासाठीच उठलो. जे काही होतं, त्याला माझा स्वभाव पुरता माहीत होता.

आणि तीन वेळा मी त्याला लाल केलं. त्या वेळात प्रेसला अडवणारं कुणीच नव्हतं. तेव्हा बालाजीचा अंगठा कुठं होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.