सालं परत हवीत

साऱ्या नाशकात देवावर विश्वास ठेवणारी माणसं रगड होती. काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. विंचूर म्हणू नका, देवळा म्हणू नका, पेठ म्हणू नका, जिथे म्हणून तागडी टांगली जाई तिथे काकांची सायकल भिंतीला टेकलेली असायची. कांद्याच्या गोणीत तळाशी भरलेली माती ते गोणी न उघडता ओळखायचे, म्हणे. निवृत्त होताना सरकारी वजनं त्यांनी खात्यात जमा केली आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून स्वतःचा ताणकाटा आणला. वर आकड्यांची पट्टी, खाली हूक. तो टांगायला खिळा हवा म्हणून काकूंना देव्हाऱ्याशेजारचं कॅलेंडर हलवावं लागलं, आणि ते पुढे कधी परत जागेवर आलं नाही.

त्या काट्यातून घरातली एक वस्तू सुटली असेल तर शपथ. रद्दीवाला आमची गल्ली चुकवून पुढच्या गल्लीत शिरायचा, कारण काका रद्दी आधी स्वतः तोलून ठेवत आणि मग त्याच्या तागडीखाली वाकून बघत. जुलैत पाऊस लागला की काका बाहेर जाताना कोरडी छत्री तोलत आणि आल्यावर ओली. मग जिन्यात भेटेल त्याला सांगत, ‘‘आज छत्रीने एकशेदहा ग्रॅम पाणी आणलं. कालच्यापेक्षा कमी आहे.’’ समोरच्याने ‘‘हो का?’’ म्हटलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की डोळे मिटून आधी तळहात जरा वरखाली करायचे आणि मगच तोंडात टाकायचे. काकू म्हणायच्या, ‘‘अहो, लग्नात अंतरपाट धरला होता म्हणून वाचले. नाहीतर माळ घालायच्या आधी मला हुकाला लावलं असतं ह्यांनी!’’ काका यावर रागावत नसत. ‘‘तेव्हा काटा नव्हता माझ्याकडे,’’ एवढंच म्हणत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही हकीकत. सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची आमची कॉलनी, तीन इमारती आणि अंगणात एक नळ. कचऱ्याला यमुनाबाई होत्या. हातगाडी फाटकात उभी करायच्या, जिने चढून दारादारातली बादली उचलायच्या, रिकामी करून परत दारात ठेवायच्या. पावसात डोक्यावर गोणपाटाची खोळ, उन्हात नुसता पदर. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. आणि एक दिवस एक ठेकेदार आला. म्हणाला, आमचा ट्रॅक्टर येईल, ट्रॉली येईल, भोंगा वाजेल, तुम्ही बादल्या खाली आणायच्या, बास. दोघांची मागणी सारखीच होती, त्यामुळे भांडण पैशाचं नव्हतं. भांडण होतं ते शोभेचं. शेजारच्या कॉलनीत ट्रॅक्टर येत होता आणि आमच्याकडे हातगाडी, हे काही लोकांच्या जिवाला लागलं होतं. दुसरे म्हणत, बाई एवढी वर्षं इमानाने करतेय, तिच्या पोटावर पाय कशाला? सभा भरली, चहा झाला, आवाज चढले. तेव्हा काका उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मंडळी, आपण कचरा किती करतो ते तुमच्यापैकी एकाला तरी ठाऊक आहे का?’’

नव्हतंच कुणाला ठाऊक. झालं! काकांनी जाहीर केलं की एक दिवस बाई, एक दिवस ट्रॅक्टर अशी पाळी लावायची, आठ दिवस रोज सकाळी प्रत्येक घराची बादली तोलायची, आणि मग काय तो निकाल. दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी जिन्याच्या कठड्याला काटा बांधला. बायकांची रांग, हातात बादल्या, आणि काका प्रत्येक वजन खणखणीत आवाजात पुकारणार. जनगणनेलाही लोक एवढे घाबरले नसतील. समोरच्या वहिनींनी लगेच आंब्याच्या कोयी बादलीत वर दिसतील अशा रचायला सुरुवात केली. चोरून केलेल्या मांसाहाराची हाडं शेजारच्या बादलीत सापडली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. एका गृहस्थाने श्रीखंडाचा एकच रिकामा डबा चार दिवस वर ठेवला. पाचव्या दिवशी काका म्हणाले, ‘‘डबा धरून सहाशे ग्रॅम. आता डबा टाका साहेब, मुंग्या लागल्यात.’’

सगळे हसत होते, मी मात्र बादली पदराआड धरून उभी असायचे. कारण आमच्या बादलीत काहीच नसायचं. ह्यांचा कारखाना लहानसा, आमच्या कॉलनीतले हे एकटेच तिथे. उन्हाळ्याच्या तोंडावर मालकाचं आणि कामगारांचं बिनसलं आणि फाटकाला टाळं लागलं. ‘‘कुणाला कळता कामा नये, माहेरीसुद्धा,’’ असं ह्यांनी मला बजावलं. रोज सकाळी डबा घेऊन हे निघायचे. डब्यात कधी अर्धी भाकरी, आणि खडखड वाजू नये म्हणून कोंबलेलं फडकं. चार वर्षांची मुलगी घरात; तिला पेज द्यायची आणि आम्ही दोघांनी काळा चहा प्यायचा. सोलायला भाजी नाही तर बादलीत पडणार काय? दोन दिवस काका पुकारत राहिले, ‘‘तळमजला, डावीकडे, दीडशे ग्रॅम!’’ आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींनी विचारलं, ‘‘काय गं, उपास धरलाय का घरादाराने?’’ हसत विचारलं, पण मी घरात येऊन दार लावून रडले.

चौथ्या दिवशी मी अक्कल चालवली. गुलाबाची कुंडी उकरली, माती बादलीत घातली, वर चहाचा चोथा आणि ओला कागद पसरला. झाली भरल्या घराची बादली! आता बघा, उभा जन्म ज्याने गोणीतली माती हुडकून काढली, त्याच्याच काट्याला मी मातीची बादली लावायला निघाले होते. माझ्यासारखी शहाणी मीच.

काकांनी बादली हुकाला अडकवली. बादली हलली आणि त्यांची भुवई हलली. त्यांनी कागद जरा बाजूला केला, चिमूटभर माती दोन बोटांत चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. मागे तीन बायका उभ्या होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. ह्या माणसाने नोकरीत सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातली तागडी जप्त केली होती, आणि त्यावरून मेव्हण्याने दहा वर्षं उंबरा ओलांडला नव्हता. आता ते बोलणार आणि आमची अब्रू जिन्यातून खाली गडगडत जाणार. काकांनी बोटं धोतराला पुसली, पट्टीकडे बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात पुकारलं, ‘‘तळमजला, डावीकडे. एक किलो दोनशे. बरोबर आहे. पुढची बादली आणा.’’ काकांनी हयातीत खोटं वजन एकदाच पास केलं, आणि ते माझं.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडल्यावर काका दारात. हातात फुगलेली पिशवी. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, ‘‘सूनबाई, तुमचं घर मला हवंय.’’

‘‘अगंबाई! घर कशाला?’’

‘‘प्रमाण म्हणून. बाजारात वजनं तपासायची तर एक खात्रीचं वजन हाताशी लागतं. तसं कॉलनीत एक खात्रीचं घर लागतं. आत काय गेलं ते मला ठाऊक पाहिजे आणि बाहेर काय आलं ते तुम्ही द्यायचं. ह्या पिशवीत तीन किलो भाजी आहे, तोललेली. सालं परत हवीत.’’

‘‘आणि भाजी?’’

काका चक्क वैतागले. ‘‘भाजीशी माझा काय संबंध? मी कचऱ्याचा प्रयोग करतोय. आतलं तुमचं तुम्ही बघा!’’ आणि तरातरा जिना चढून गेले.

मी पिशवी आत घेतली. दान असतं तर परत केलं असतं, एवढा ताठा होता अंगात. पण हे तर काम होतं, आणि वर काकांचं ओरडणंही होतं. बटाटे, दोडके, दुधी, भोपळा, कधी डाळिंब, कधी भुईमुगाच्या ओल्या शेंगा यायच्या; काका म्हणायचे, ‘‘शेंगांचं वजन फसवं असतं, मला त्याची नोंद हवी.’’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सालं तोलून बघायचे. एकदा दोडका आला, तर मी सवयीने शिरांची चटणी केली आणि बटाटे सालासकट रस्स्यात घातले. सकाळी रांग लागायच्या आधी काका बादलीत वाकून बघतात तर काही नाही. ‘‘सालं कुठायत?’’ मी खालमानेने सांगितलं, ‘‘खाल्ली.’’ काकांनी रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, ‘‘अशाने प्रयोग बिघडतो, सूनबाई. भाजी कमी पडली असेल तर तसं कळवायचं. ही हलगर्जी मला चालायची नाही.’’ त्या दिवसापासून पिशवीत नारळ यायला लागला. नारळाची करवंटी काही मला खाता येणार नव्हती.

आठ दिवसांचं तोलणं दोन महिने चाललं. कॉलनी आता काकांना हसायला लागली होती. ट्रॅक्टरवाला कंटाळून फेऱ्या चुकवू लागला, तरी काकांचा काटा कठड्याला बांधलेलाच. नळावर बायका त्यांच्या नकला करत, ‘‘तळमजला, उजवीकडे, मावशींचा सुस्कारा, पन्नास ग्रॅम!’’ कुणी म्हणे, म्हातारा चळला. कुणी म्हणे, रिटायर माणसाला उद्योग नको का? लहान मुलं त्यांना बघून हाताचा हूक करून दाखवत. काका आपले चष्मा पुसून पट्टी वाचत.

ह्यांच्या कारखान्याचं फाटक उघडलं आणि हे खरोखरीचा डबा घेऊन कामावर गेले. त्याच रविवारी काकांनी सभा बोलावली. निकाल यमुनाबाईंच्या बाजूने. कारण काय, तर आंब्याच्या दिवसांत ओला कचरा निम्म्याहून जास्त असतो, तो एक दिवसही थांबत नाही, आणि ट्रॅक्टर काही जिना चढत नाही. ‘‘हे तर आम्हाला पहिल्याच दिवशी दिसत होतं,’’ समोरच्या वहिनींचे यजमान म्हणाले. ‘‘हो, पण तोललेलं नव्हतं,’’ काका म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले. संध्याकाळी कठड्याचा काटा सुटला. आमच्या दारात पिशवी यायची थांबली. ‘‘प्रयोग संपला,’’ म्हणाले.

मग काका-काकू देवळ्याला लेकाकडे राहायला गेले. आणखी काही वर्षांनी यमुनाबाईंनी गाडी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांना चहाला बसवलं, तेव्हा बशीत चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, ‘‘बाई, आता सांगते. सायबांनी मला आठ दिसांतच सांगितलं व्हतं, काम तुझंच हाय म्हनून. पर म्हनले, यमुना, एवढ्यात कोनाला बोलू नको. खाली एक घर हाय, त्यांचं नीट व्हईस्तवर मला ह्यो काटा चालू ठिवायचाय. मी म्हनलं, चालंल की सायेब. लय लोक मला म्हनायचे, तुझं काम चाललं गं यमुना. मी गप ऱ्हायची.’’

मी बशी खाली ठेवली. दोन महिने! त्या बाईने दोन महिने लोकांचे टोमणे ऐकले आणि काकांनी सगळ्या कॉलनीचं हसू अंगावर घेतलं, आणि आम्हाला वाटत होतं की आपण प्रयोगाला मदत करतोय.

पुढच्याच रविवारी मुलीला घेऊन देवळ्याची एसटी धरली. ती आता नववीत होती, तिला ह्यातलं काही आठवत नव्हतं. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, दृष्टी अधू झालेली, आवाजावरून ओळखलं. मी म्हटलं, ‘‘काका, मला यमुनाबाईंनी सांगितलं सगळं.’’ काका पुटपुटले, ‘‘बोलू नको म्हटलं होतं तिला.’’ मग मला राहवेना. म्हटलं, ‘‘काका, नळावर बायका तुम्हाला हसायच्या ना, त्यांच्यात सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. कुणाला आमचा संशय येऊ नये म्हणून. तुमची भाजी खाऊन तुम्हाला हसले मी.’’

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, ‘‘ठाऊक आहे की. नळ आमच्या खिडकीखालीच नव्हता का! सकाळी तुमचं हसू वर ऐकू यायचं. मी हिला म्हणायचो, चला, पोर अजून हसतेय. धीर आहे तिला.’’

काकू दारातून चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आणि ज्या सकाळी ऐकू आलं नाही ना, त्या दिवशी पिशवी घेऊन दोनदा बाजारात जायचे हो.’’

मी आभार मानायला गेले होते. त्याऐवजी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिले.