आमरीचे दोन कंद

"आठे वहाणा काढा, भाऊ." साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरावरच्या वनउद्यानात पठार सुरू झालं की आबा एवढंच म्हणत आणि स्वतः अनवाणी पुढे चालू लागत. भाद्रपदात सोनकी आणि तेरड्याने पठार भरलेलं असे. आम्ही धुळ्याच्या कॉलेजातली मुलं हसायचो. एकाने विचारलं, देव कुठाय? आबा म्हणाले, "पायखाले शे, सरक."

ते रोजंदारीवरचे राखणदार. एका कोपऱ्यात आमरीची, म्हणजे रानातल्या ऑर्किडची, मोजकी झाडं होती, पांढऱ्या फुलांची. बी पडेपर्यंत आबा तिथे शेळीसुद्धा फिरकू देत नसत. त्या वर्षी त्यांना नोकरीत कायम करणार होते.

वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेला मुळासकट नमुना लागे. आबा भाकरी खायला बसले तेव्हा मी दोन झाडं कंदासकट उपटली आणि टिपकागदात दाबली.

दुपारी वनखात्याचे साहेब पाहणीला आले. खड्डे दिसताच त्यांनी आबांना विचारलं, कुठल्या वैदूला विकलेस? आबा गप्प. टिपकागदांची चळत काखेत धरून मी चार हातांवर उभा होतो. मीही गप्प. आठवड्याभरात आबांना काढून टाकलं. माझ्या नमुन्याचं मात्र कौतुक झालं.

दोन वर्षांनी ते साक्रीच्या बाजारात दोडकी विकताना दिसले. मी समोर बसून सगळं सांगितलं.

"माले मालूम व्हतं," ते म्हणाले. "तुमना हातले माटी व्हती."

मग बोलला का नाहीत?

"माले वाटनं, तुम्हीच बोलशात."

एवढं बोलून त्यांनी माझ्या पिशवीत दोडकी घातली. दर आश्विनात ते अजूनही पठारावर जात होते, आमरीचं पिकलेलं बी मोकळ्या जागी झटकायला. कोणी पाठवत नव्हतं.

तरीही खरं सांगायला मी वनखात्याच्या कचेरीत गेलो नाही. तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. नोकरी जाईल असं वाटलं. आबा गेले, तेही मला उशिरा कळलं.

गेल्या भाद्रपदात काठी टेकत कचेरीत गेलो. आबांच्या नावापुढे अजून 'चोरी' लिहिलेलं होतं. चोर मी, असा लेखी जबाब दिला. तरुण अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला, त्यावर शिक्का मारला आणि मला जीपमध्ये घालून वर नेलं.

कोपरा ओळखू येईना. पांढरी आमरी उतारावरून थेट ओढ्यापर्यंत गेली होती.