लाखात एक म्हणून सांगितलेली गाठ

माझी बायको दुर्मीळ प्रकारच्या कॅन्सरने गेली, असं मी सोळा वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. स्तनाचा जो कॅन्सर बहुतेक बायकांना होतो, तोच तिला झाला होता. दुर्मीळ होता तो तिच्या धाकट्या बहिणीचा, आणि ती बाई आजही अकोल्यात ठणठणीत आहे. मी वेळेवर जेवत नाही म्हणून गेल्याच महिन्यात तिने मला फोनवर झापलं.

मेहुणीचं आधी निघालं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की हा प्रकार क्वचित दिसतो, गाठीत जेलीसारखा चिकट पदार्थ असतो, पण बहुधा सावकाश वाढतो आणि वेळेत काढला तर बाई पुष्कळदा चांगली राहते. आमच्या नातेवाइकांनी त्यातला 'क्वचित' तेवढा उचलला. पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही. अंजनगावहून जीप भरून माणसं आली. बायका तिच्या पलंगाभोवती बसून रडल्या. "लाखात एकीले होते म्हन्ते वो बाप्पा, अन् ते आपल्याच घरात निघावं!" असं म्हणताना एकीच्या आवाजात चक्क थोडा अभिमान होता. मेहुणीने सगळ्यांना चहा केला आणि म्हणाली, "रडनं झालं असन तं कप आना इकडे, धुवाचे हायेत." मग मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, हे मले पाहाले आले का मयतीची जागा धराले?"

तिचं ऑपरेशन झालं, किरणं झाली. रडणाऱ्यांपैकी चौघे गेले, ती आहे.

त्या गर्दीत मी एक गोष्ट मात्र नीट टिपून घेतली. दुर्मीळ म्हटलं की कोणी काही विचारत नाही. कधी सापडलं, इतके दिवस काय केलं, कोणी थांबवलं, यातला एकही प्रश्न येत नाही. सगळे वर बघतात आणि सुस्कारा टाकतात. ही माहिती पुढे माझ्या फार कामाला आली.

वर्षभराने, दिवाळीच्या आंघोळीनंतर, बायको माझ्याजवळ आली.

"ऐकता का, मले अठी काहीतरी हाताले लागते."

"दुखते का?"

"नाई."

"मंग?"

दुखत नाही म्हणजे काही नाही, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. ती म्हणाली, "बहिनीचंबी दुखत नव्हतं." त्यावर मी जे बोललो ते आज लिहितानाही मला माझी किळस येते. "तिचं येगळं. ते लाखात एक होतं. तुहं साधं असन." जणू जो आजार पुष्कळांना होतो तो सर्दीसारखा असतो, चार दिवसांत आपला आपण जातो. दोघी बहिणींपैकी एक दुर्मीळ म्हणून मेल्यात जमा झाली होती आणि दुसरी साधी म्हणून बरी ठरली होती. दोन्ही निकाल डॉक्टरांशिवाय, ओसरीत बसून लागले.

मुलीची सोयरीक तेव्हा अकोल्याला जवळजवळ ठरली होती. आईला आणि मावशीला दोघींनाही गाठ निघाली, हे मुलाकडच्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मुलीकडेही संशयाने पाहिलं असतं, ही भीती खरी होती. मी बायकोला म्हटलं, लग्न होऊ दे, मग पाहू. ती थांबली. मुलीला काही सांगायचं नाही, हेही ठरलं.

लग्न माघात झालं. इथवरचं माझं वागणं एखादा माफ करू म्हणेल. पण पुढे काय झालं ते ऐका. त्या वर्षी जेठ अधिक आला. नवा जावई आणि अधिक महिना म्हणजे त्याला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. पहिला धोंडा होता, माझी इज्जत होती. बायकोने तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले. चुलीसमोर बसून अनारसे तळताना ती मधूनच डावा हात अंगाशी धरायची. मी ते पाहिलं. पाहून म्हणालो, "जाळी पडली पाहिजे, दबके नको होऊ देऊ." नंतर कोणीतरी मला सांगितलं की गाठीला तपासणीची सुई टोचली की ती चिघळते आणि पसरते. असली गोष्ट ऐकायला मी टपलेलाच होतो. मग पाऊस, मग पोळा. पोळा झाल्यावर मी तिला डॉक्टरकडे नेलं, तेही आम्ही राहत होतो त्या अमरावतीतच. दिवाळी ते पोळा, दहा महिने.

माझी नोकरी काय होती ते सांगतो, म्हणजे हसायला सोपं जाईल. मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून पाहायचा आणि प्रत ठरवायची. जात कोणतीही असो, बोंड फुटल्यावर शेतात राहू दिलं, पावसात सापडलं, तर चांगल्या जातीचाही कापूस पिवळा पडून कवडी होतो. हे मला तीस वर्षं ठाऊक होतं. कवडी घेऊन येणाऱ्यांना मी चारचौघांत विचारायचो, "बोंड फुटल्यावर येचाले काय धाड भरली होती?" माणसं मान खाली घालायची. मला मजा यायची.

डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे? मी म्हणालो, "पंधरा-वीस दिवस झाले असतील." बायको हळूच म्हणाली, "दिवाळीपासून." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदावर दहा महिने असं लिहिलं. तपासणीचा निकाल आल्यावर मी विचारलं, "पण साधाच आहे ना?"

"साधा नाही, नेहमीचा," ते म्हणाले. "नेहमीचा म्हणजे जास्त बायकांना होतो, एवढंच. दुर्मीळ प्रकारांत काही फार मवाळ असतात, तुमच्या मेहुणीसारखे, आणि काही भयंकर असतात. हा नेहमीचा लवकर मिळाला तर यात पुष्कळ बायका चांगल्या राहतात. गाठ केवढी, काखेत गेली का, पुढे पसरली का, औषधाला दाद देते का, यावर सगळं असतं. नावावर नाही."

काखेत गेली होती. हाडातही पोचली होती. औषधं, ऑपरेशन, गोळ्या, सगळं केलं. डॉक्टर आधीच म्हणाले होते की आता आजार दाबून ठेवायचा, घालवता येणार नाही. दोन वर्षं काढली तिने. मला एकदाही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला लोक सोशिकपणा म्हणाले. मला वाटतं, माझ्याशी बोलण्यात तिला काही अर्थ दिसला नसावा.

तेरवीला एका पाहुण्याने जेवता जेवता विचारलं, "आता तं लोक बरे होते म्हन्ते. लवकर नाई समजलं का?" पंगतीतले दोघे-चौघे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "दुर्मीळ होता. लाखात एक." झालं. माना हलल्या, सुस्कारे पडले, वाढणाऱ्याकडे बुंदी मागण्यात आली.

मेहुणी मागे उभी होती. हात धुवायला गेलो तेव्हा ती जवळ आली. "भाऊजी, माहा कॅन्सर तुमी उचलून नेला. मी गप आहो ते पोरीसाठी, तुमच्यासाठी नाई."

बायकोची फाईल मी पेटीत, जुन्या धोतरांच्या खाली टाकली. त्यात दहा महिने लिहिलेलं होतं.

आता यंदाचं. दिवाळी झाली आणि मेहुणीचा फोन आला. मुलीला गाठ सापडली होती. सुई टोचून तपासणी झाली होती आणि निकाल हातात होता. गाठ लहान होती, काखेत काही लागत नव्हतं, डॉक्टर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू म्हणत होते. आणि मुलगी नाही म्हणत होती. नात बारावीला, मे महिन्यात तिची नीटची परीक्षा. ती होऊ द्या, मग पाहू, असं मुलीचं म्हणणं.

"तुमचीच पोरगी हाये," मेहुणी म्हणाली. "आता तुमी सांगा, नाईतं मी सांगीन."

मी फाईल पिशवीत घातली आणि सकाळची अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत दोनदा परत फिरावं असं मनात आलं. शहात्तराव्या वर्षीही माणसाची पळवाट शोधायची खोड जात नाही.

मुलगी भाजी निवडत होती. मी ऑपरेशनचं काढताच म्हणाली, "बाबा, काहून जबरदस्ती करून राहिले? आईले काय कमी केलं का? सगळं करून काय झालं? आईचा लाखात एक होता, तो माह्यातबी असन. डॉक्टर साधा म्हणून राहिले, तर आईलेबी आधी साधाच म्हटलं असन. जे व्हाचं ते होईन. पोरीचं वर्ष काहून वाया घालू?"

मी फाईल तिच्यासमोर ठेवली. "तुहा कागद आन," म्हटलं. तिने आणला. दोन्ही कागदांवर प्रकाराच्या जागी तेच दोन शब्द होते, इनव्हेजिव्ह डक्टल, म्हणजे तो नेहमीचाच. तिने दोन्हींवर बोट ठेवून ते ताडून पाहिले. मग तिचं बोट खाली सरकलं आणि दहा महिन्यांवर थांबलं.

"दहा महिने? तुमी तं म्हटलं, पोळ्यानंतर समजलं."

मग मी सगळं सांगितलं. दिवाळी, सोयरीक, सुई, अनारसे.

"म्हंजे माह्या लग्नासाठी?" तिने विचारलं.

इथे अजून एक खोटं अगदी हाताशी होतं. हाव म्हटलं असतं तर अर्धं ओझं तिच्या डोक्यावर गेलं असतं. "लग्न माघात झालं," मी म्हणालो. "आईले नेलं पोळ्यानंतर. मधले सात महिने माहे. अन् आधीचेबी माहेच. तुले तं कोनी विचारलंच नव्हतं."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने भाजीचं ताट बाजूला सरकवलं. "आई मले अनारसे बांधून देत होती तवा गाठ होती तिले?"

"हाव."

"अन् तुमी जाळी पाहून राहिले होते." मग दोन्ही कागद एकावर एक ठेवत म्हणाली, "सोळा वर्षं मी भेत राहिली बाबा, का माह्या रक्तात काहीतरी अजब हाये म्हनून. दरसाल मावशी तपासाले चाल म्हने, मी जात नव्हती. अजब असन तं तपासून काय करता?"

हे मला माहीत नव्हतं. माझं खोटं मेलेल्या बाईच्या नावावर पडून आहे, कोणाला इजा करत नाही, असं मी समजत होतो.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशनचा दिवस घेतला. मी विचारलं, "मी येऊ का तठी?"

"यालेच लागन," ती म्हणाली. "आईचं कोन सांगन?"

दवाखान्यात नर्सबाई अर्ज भरत होत्या. घरात आणखी कोणाला? मावशीला, आईला. आईला कोणत्या प्रकारचा? मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला मदत केली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"नेहमीचाच," मी म्हणालो. "उशिरा आणला. मी उशीर केला."

नर्सबाईंनी पहिला शब्द लिहून घेतला. बाकीचंही लिहा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बाबाजी, त्याले रकाना नाई." आणि पुढचा पेशंट बोलावला. मुलीने माझ्या हातातली आईची फाईल काढून घेतली, स्वतःच्या फाईलमध्ये घातली आणि आत गेली.